दुय्यम भूमिकेचं बक्षीस

मी तेव्हा बेंगळुरात टेलिफोनच्या कारखान्यात टायपिस्ट होते. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे घरातल्या मराठीत निम्मी कानडी. साठच्या दशकातली ही गोष्ट. गावातल्या मराठी मंडळांची दर वर्षी नाट्यस्पर्धा व्हायची. आमच्या मंडळाचं नाटक पुण्याहून बदलून आलेले एक अधिकारी बसवत होते. मी नायिकेचा उतारा वाचला.

ते म्हणाले, "वाचता छान. पण तुमचं मराठी इथलं वाटतं. नायिका पुण्याची आहे."

मला स्वयंपाकीणबाईंची भूमिका मिळाली. अकरा वाक्यं. घरी वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, "एवढ्यासाठी रोज मल्लेश्वरमपर्यंत तालमीला जाणार? नाही म्हणून सांग."

"जाणार," मी म्हटलं.

माझा मुख्य प्रवेश पोळ्या लाटण्याचा होता. घरातला मुलगा गेल्याची बातमी त्या बाईला आधी कळलेली असते आणि मालकिणीला, म्हणजे नायिकेला, सांगायचा धीर होत नाही, म्हणून ती लाटत राहते. मी घरून कणीक मळून नेऊ लागले.

"पीठ कशाला? नुसतं दाखवा की," दिग्दर्शक वैतागले.

"नुसतं दाखवलं की हात खोटे दिसतात, सर."

त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत.

प्रयोगात नेमकी त्याच प्रवेशात नायिका अडखळली. पुढचं वाक्यच तिला आठवेना. विंगेतून कुणीतरी कुजबुजत होतं, पण तिला ऐकू जात नव्हतं. मी लाटणं खाली ठेवलं आणि तोंडात आलं ते बोलले, "स्वल्प बसा, अक्का. पाणी देते." माझं घरचं मराठी, 'स्वल्प' म्हणजे कानडीत जरा. थिएटरात कुणी हसलं नाही. ती बसली, पाणी प्यायली, आणि तिला वाक्य आठवलं.

नाटक पहिलं आलं. नायिकेला अभिनयाचा चांदीचा कप मिळाला. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "हा तुझाही आहे गं." ती मनापासून बोलत होती. तरी कप तिच्याच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी स्पर्धेच्या चिटणिसांकडे गेले. "दुय्यम भूमिकांना बक्षीस का नाही?"

ते हसले. "अहो, दिल्लीला सिनेमाची सरकारी बक्षिसं देतात, त्यातही सहायक नटांसाठी वेगळं नाही. आपण कोण?"

"दिल्लीचं दिल्ली बघेल. आपल्या स्पर्धेचं आपण ठरवायचं."

"मग अर्ज करा," ते म्हणाले. मला वाटेला लावायचं म्हणून म्हणाले असावेत.

टायपिंग माझा धंदाच होता. अर्ज घेऊन मी प्रत्येक मंडळात फिरले. हवालदार, डॉक्टर, शेजारीण, पत्र आणून देणारा पोस्टमन अशी कामं केलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काहींना संकोच वाटायचा. एक गृहस्थ म्हणाले, "आमचं काय, आम्ही येतो आणि जातो." त्यांची सही मिळवायला मला दोन रविवार लागले. समितीने दोनदा विषय पुढे ढकलला. तिसऱ्या बैठकीला मी दाराशीच बसून राहिले. विषय निघाला आणि मंजूर झाला.

पुढच्या वर्षी मी विधवा आत्याचं काम केलं आणि ते चांगलं झालं. बक्षीस आपलंच, अशी माझी खात्री होती. नाव पुकारलं ते दुसऱ्या मंडळातल्या एका निवृत्त मास्तरांचं. त्यांनी बहिऱ्या शेजाऱ्याचं काम केलं होतं. माझे हात टाळ्यांसाठी लगेच वर आले नाहीत, हे कबूल करते.

मास्तरांनी माइकसमोर येऊन नमस्कार केला. मग म्हणाले, "चाळीस वर्षं नाटकात आहे. माझं नाव आज पहिल्यांदा पुकारलं गेलं." एवढंच बोलून ते खाली उतरले आणि पायरीवर चष्मा पुसत राहिले. तेव्हा मात्र मी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

हे बक्षीस माझ्या अर्जामुळे सुरू झालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मला ते बक्षीस कधीच मिळालं नाही. मास्तरांना ते मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी दिग्दर्शकांनी आपणहून नायिकेची वही माझ्यापुढे ठेवली. मी ती रात्रभर घरी ठेवून वाचली आणि सकाळी परत केली. त्या नाटकात एक भांडखोर घरमालकीण होती. तिचे प्रवेश तीनच, पण तिचं चालणं, तिचा आवाज, सगळं मला लख्ख दिसत होतं.

"ही घरमालकीण द्या," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."