पोटात पाणी ठरेना

खोताच्या सारवलेल्या अंगणात मी ओकले. तिसरा महिना होता. खोतीण ओटीवरून ओरडली, "सोंगां करतंस गो? आमका काय पोरां झाली नाय?" शेणाची पाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "सगळा परत सारव."

सारवलं. मध्ये दोनदा ओकले, तेही पुसलं. शेणाच्या वासानं आतडं तोंडात येत होतं.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. त्या घरात मी पाणी भरायची, भांडी घासायची, गोठा काढायची. खोताची धाकटी सून आदल्या वर्षी अशीच ओकत होती. तिच्या ओकारीची भांडी मीच नेऊन ओतायची. तेव्हा घरात सगळे हळू बोलत. तिला वास नको म्हणून फोडणी मागच्या पडवीत. तालुक्याहून सरकारी डॉक्टर आला, खुंटीला काचेची बाटली टांगली, शिरेतून मिठाचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली.

तिचा आजार. माझं सोंग.

पेज ठरेना, पाणी ठरेना. भाताला उकळी आली की मी परसात पळायची. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. लघवी दिवसातून एकदा, काळ्या चहासारखी. सासू वाईट नव्हती. पण तीही म्हणायची, "सगळ्यांकाच होता, बाय. सोसूक व्हया." ऐकून ऐकून मला माझीच लाज वाटायला लागली. वाटायचं, बाकीच्या सोसतात, मीच कुचकामी.

शेवटी नवऱ्यानं आणि दिरानं मला डोलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तोच डॉक्टर. त्यानं मला हात लावला नाही. नवऱ्याला म्हणाला, "डोहाळे आहेत. असल्या बायकांना काम नको असतं. घरी न्या."

जीभ टाळ्याला चिकटली होती. मला ती बाटली हवी होती. मी बोलले नाही.

पाचव्या महिन्यात मूल गेलं. मुलगा. नवऱ्यानं त्याला परसात पुरलं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, "ओकून ओकून पोर घालवल्यान." मी खोताचं काम सोडलं. पण मनातून बायकांचं म्हणणं खरंच मानत होते. पाच वर्षं मानलं.

मग नणंद आली. सुमती, अठरा वर्षांची. वेंगुर्ल्याला दिली होती. चूल पेटली की ओकते म्हणून सासरच्यांनी माहेरी पाठवून दिलेली. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. आल्या आल्या माझ्यापुढे हात जोडले. "वयनी, मी सोंगां करणय नाय गो."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. डोली मागवली.

त्याच डॉक्टरनं कागदावरून मान वर केली नाही. "डोहाळे आहेत."

मी म्हणाले, "डॉक्टरानु, खोताच्या सुनेक बाटली लावलात. मी तिच्या उशाशी होतंय. तीच बाटली हिका लावा."

"ती प्रत्येकीला देत नाहीत."

"मगे कोणाक देतत?"

त्यानं घंटी वाजवली. कंपाउंडर मला बाहेर काढायला आला. मी दारातच फतकल मारली. "हिका बाटली लागल्याबिगर मी उठूचंय नाय." रांगेतली एक मासे विकणारी म्हातारी माझ्याशेजारी येऊन बसली. नुसती बसली. मग आणखी एक.

दुपारी बाटली लागली.

सुमती जगली. तिला मुलगी झाली. पोर मांडीवर घेतली तेव्हा मला हसू आलं नाही. माझ्या मुलाला वाचवायला एवढंच लागलं असतं, ते त्या दिवशी कळलं. एक बाटली आणि दारात बसणारी एक बाई. तो माझ्या ओकण्यानं मेला नव्हता.

काल खालच्या वाडीतून निरोप आला. एका सुनेच्या पोटात तीन दिवस पाण्याचा थेंब राहिलेला नाही. सासू म्हणते, घरात सत्यनारायण आहे, तो उरकला की बघू.

मी डोली सांगितली आहे. पूजा चालू असली तरी आत जाणार. तिच्या सासूला विचारणार नाही, तिच्या नवऱ्याला विचारणार नाही. त्या पोरीला विचारणार, आणि उचलून नेणार.