देवाला वाहिलेलं ऑर्किड

मार्च १९९९, महिन्यातला शेवटचा शुक्रवार. सकाळी मी दशम्या फॉइलमध्ये गुंडाळत होते आणि सासूबाई विचारत होत्या, "एका फुलासाठी डोंगरात जायचं? खाली कंपाउंडमध्ये एवढी कण्हेर आहे."

फूल शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या, खालच्या मजल्यावरच्या इंग्रज शेजारीणबाईंना हवं होतं. रविवारी त्या कायमच्या मायदेशी जाणार होत्या. त्यांची गाडी विकून झाली होती, म्हणून ड्रायव्हर मी. तिकडे गावाकडे त्या लहानपणापासून ओल्या गवतात रानटी ऑर्किडं शोधत हिंडल्या. सापडलं की जागा सख्ख्या बहिणीलाही सांगायची नाही, अशी तिथली रीत. आपल्याकडे चांगल्या आंबेवाल्याचा फोन नंबर सांगत नाहीत, तसं. या देशातलं एकमेव रानटी ऑर्किड मात्र त्यांना इथल्या बारा वर्षांत दिसलं नव्हतं. आजची शेवटची संधी होती.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांना घरी एकटं ठेवलं तर शेजाऱ्यांची बाग मोकळी होते, म्हणून बरोबर घेतलं. पुण्यात पहाटे लोकांच्या कुंपणावरून हात घालून देवाला फुलं आणायची सवय त्यांनी शारजातही सोडली नव्हती. पर्समध्ये प्लास्टिकची पिशवी कायम. वाटेत पेट्रोल पंपावर मी पैसे देईपर्यंत त्यांनी सदाफुली खुडली.

मसाफी गावाच्या पुढे गाडी ठेवून आम्ही वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पात्रात, उतरलो. बाई भिंग घेऊन एकेक कपार तपासत होत्या. सासूबाई साडी खोचून केव्हाच पुढे गेल्या होत्या. दोन तास झाले. बाई एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "असू दे. निदान शोधलं तरी." मी दशमी पुढे केली. त्यांनी ती नुसती हातात धरली.

तेवढ्यात सासूबाई परत आल्या. पिशवीतून सदाफुलीबरोबर हातभर लांब दांडी डोकावत होती, तिच्यावर हिरवट-तपकिरी फुलं. बाईंचा चेहरा पांढऱ्याचा आणखी पांढरा झाला.

"मडमला काय झालं गं?"

"आई, तेच फूल आहे ते. ते तोडायचं नसतं."

"मग करायचं काय?"

"बघायचं, आणि तिथंच ठेवायचं."

"मग देवाला पोचतं कसं?" सासूबाईंनी पदर सावरला. "एवढं तोंड पाडू नको म्हणावं. ढीगभर आहेत तिकडे. मी एकच घेतलं, बाकीची उद्याला ठेवलीत. चल म्हणावं."

एका खडकातून पाणी झिरपत होतं. तिथं शेवाळात आठ-दहा दांड्या उभ्या होत्या. बाई आधी गुडघ्यांवर बसल्या, मग चिखलात सरळ पालथ्या पडून भिंगातून बघत राहिल्या. अर्धा तास उठल्या नाहीत.

"साष्टांग घातला," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "मी उगाच नावं ठेवत होते."

परतीच्या वाटेवर बाईंनी दोन दशम्या खाल्ल्या आणि पिशवीकडे पाहायचं टाळलं. घरी ती दांडी गणपतीपुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी बाईंची खोकी बांधायला खाली गेले. चिखलाची पँट त्यांनी धुतली नव्हती. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या देवाचं त्या फुलाशी काम झालं असेल का?"

मी वर आले. सासूबाईंनी स्वतः दांडी उतरवून दिली. "निर्माल्य आहे म्हणावं, पायदळी नको. आणि तोडू नका म्हणणारीला आता कसं चालतं, तेही विचार."

ते मी विचारलं नाही. दांडी खाली नेऊन जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबली, हळदीकुंकवासकट, डिरेक्टरी बाईंच्या खोक्यात ठेवली आणि खोक्याला टेप लावली.