खेपा किती झाल्या?

"खेपा किती झाल्या?"

हा मामाजींचा प्रश्न. ट्रॅक्टरवर धानाची पोती येवोत, कुणाकडे नवं कपाट येवो की लग्नाचं वऱ्हाड येवो, मामाजी आधी उजवा पंजा पालथा धरून हवेत या टोकाहून त्या टोकाला न्यायचे, परत आणायचे आणि मग विचारायचे. उत्तर ऐकलं की मगच ती गोष्ट त्यांना खरी वाटायची.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा बाकीच्या म्हाताऱ्यांनी माझं माहेर विचारलं, शिक्षण विचारलं. मामाजींनी विचारलं, "काय वो सूनबाई, रुखवत किती खेपांत आलं?" मी म्हटलं, एकाच. "एकाच? मंग लहान हाये," असं म्हणून ते चहा पिऊ लागले. जमलेल्या सगळ्या बाया हसल्या. तो राग मी पुढे दोन वर्षं जपून ठेवला होता, हे इथे कबूल करते.

ते माझे सासरे नव्हते. पण आमच्याकडे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सुना मामाजीच म्हणतात, म्हणून ते मामाजी. जुन्या गावच्या नदीघाटावर त्यांचा डोंगा, म्हणजे लहान नाव, चालायचा. पुढे गोसीखुर्द धरणाचं पाणी आलं, जुनं गाव बुडालं आणि सगळे या पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. मी आले ती त्यानंतर. इथे रस्ते सरळ, घरांना नंबर आणि नदी चार किलोमीटर दूर. वसाहतीत पाणी म्हणावं असं एकच ठिकाण, ते म्हणजे उंच खांबांवरची टाकी. मामाजी दुपारी तिच्या सावलीत बसायचे. इथे का बसता असं विचारलं तर म्हणायचे, "पान्याजवळ बसाची सवय हाये."

समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत आमचं वाचनालय आहे. ते मी सांभाळते. माझा एक नियम आहे आणि त्यापायी लोक मला मागून काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा, नाहीतर दुसरं पुस्तक मिळणार नाही. कुणी नुसतं 'छान' लिहिलं तर मी त्याला पुन्हा बसवते.

एकदा नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड कादंबरी आली. परदेशी अंतराळपटांची एक मालिका आहे. तिच्यातल्या दोन सिनेमांच्या मधल्या काळात काय घडलं ते सांगणारी. मराठी अनुवाद, कव्हरवर सिनेमातला हिरो आणि त्याच्या मागे भलंमोठं यान. या पुस्तकाने आमच्याकडे जेवढी भांडणं लावली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनेही लावली नसतील.

पहिला अभिप्राय आमच्या वाचनालय समितीच्या अध्यक्षांचा. त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्यांनी मालिकेतले सगळे सिनेमे हिंदीतून पाहिलेत, काही दोनदा. त्यांनी लिहिलं, "हिरो कव्हरवर पहिल्याच पानाआधी दिसतो, पुस्तकात मात्र नव्वदाव्या पानावर येतो. ही फसवणूक आहे." त्याखाली हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांनी लिहिलं, "प्रकाशाचा वेग ओलांडता येत नाही. बाकी भाषा ओघवती." त्याखाली अंगणवाडीच्या ताईंनी, "कॅप्टनचं आणि डॉक्टरणीचं जमायला पाहिजे होतं. लेखकाला कसली घाई होती कोण जाणे." आणि त्याखाली कुणीतरी नाव न घालता, "अर्धं वाचलं. डोकं दुखलं. पण अर्धं चांगलं होतं." अक्षर मी ओळखलं, पण माणूस माझ्याच घरातला असल्याने गप्प बसले.

त्याच सुमारास मामाजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवा गॉगल लावून ते वाचनालयात येऊन बसले. "मले वाचाले बंदी हाये. तू वाच, मी आयकतो," म्हणाले. मी संतचरित्र काढलं. त्यांनी नाक मुरडलं. मग त्यांची नजर त्या कव्हरवर गेली. "हे जहाज कायचं होय?"

म्हणून मी रोज दुपारी त्यांना ती कादंबरी वाचून दाखवू लागले. ऐकताना त्यांचं लक्ष हिरोकडे नसायचंच. यान सुटलं की विचारायचे, हाकून कोण राहिलं? यान ग्रहावर उतरलं की विचारायचे, बांधलं कशाला? एकदा ऐन लढाईत यानाला भोक पडलं तेव्हा म्हणाले, "थांब. त्या भोकातून वारा येऊन राहिला का नाई?" मी म्हटलं, मामाजी, अंतराळात वारा नसतो. "मंग बरं हाये त्यायचं," ते म्हणाले आणि पुढे वाचायची खूण केली.

असं करत आम्ही दोनशे बाराव्या पानावर आलो. एका ग्रहावरचा समुद्र चढत असतो आणि तिथल्या ऐंशी हजार लोकांना दुसऱ्या ग्रहावर हलवायचं असतं. हिरो हुकूम सोडतो. मी वाचलं, "आणि दुसऱ्या दिवशी ती सारी प्रजा नव्या ग्रहावर सुखरूप पोहोचली."

"थांब," मामाजी म्हणाले. "खेपा किती झाल्या?"

मी पान मागेपुढे चाळलं. "लिहिलं नाही मामाजी."

"यान किती?"

"एकच."

"लोकं ऐंशी हजार, यान एक, अन् दुसऱ्या दिवशी पोचले?" त्यांनी गॉगल काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं. "या मानसानं कधी बिऱ्हाड बांधून उचललं का वो? त्यायचे भांडे कोनं नेले? बकऱ्या कोनं नेल्या?"

मोबाइलवाले अध्यक्ष तिथेच पेपर वाचत होते. ते म्हणाले, "मामाजी, त्यायच्याकडं टेक्नॉलॉजी असते."

"असन. पन टेक्नॉलॉजीनं म्हातारा मानूस एका हाकेत उठते का?"

अध्यक्षांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. मला मात्र हसू आलं, आणि हसू थांबल्यावर जरा चमत्कारिक वाटलं. मी विचारलं, "तुमच्या वेळी कसं झालं होतं मामाजी?"

तेव्हा मला ते कळलं. गाव हलवायचं आधीच ठरलं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत अर्धं गाव बसून राहिलं. मग पाणी चढलं आणि नाल्यावरचा रस्ता बुडाला. ट्रॅक्टर अलीकडे, माणसं आणि सामान पलीकडे. मधे मामाजींचा डोंगा. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत, ओळीने चार दिवस ते ये-जा करत राहिले. इतकी वर्षं मी या वसाहतीत नांदते आहे, पण आपण इथे कसे आलो हे मी कुणाला एकदाही विचारलं नव्हतं. त्या दुपारी मला माझी लाज वाटली.

"मग तुमच्या खेपा किती झाल्या?" मी विचारलं.

"मोजनाऱ्यानं मोजाव्या," ते म्हणाले. "हाकनारा मोजत बसन तं हाकन कवा?"

मामाजींनी माझ्याकडून प्रकाशकाला पत्र लिहवून घेतलं. मजकूर त्यांचाच होता : "पान दोनशे बारावर खेपा राहून गेल्या आहेत. घालाव्या. कळवावे." मी म्हटलं, थोडं नम्रपणे लिहू. ते म्हणाले, "नम्रच तं हाये. शिवी कुठं देली?" पुढे दोन महिने ते पोस्टमनची वाट अडवत होते. पत्राचं उत्तर काही आलं नाही.

दरवर्षी आम्ही पेटीभर पुस्तकं दुसऱ्या एखाद्या वाचनालयाशी बदलून घेतो. त्या वर्षी सिहोऱ्याकडच्या एका गावाशी ठरलं होतं. अध्यक्षांनी त्या पेटीत सगळ्यात आधी ही कादंबरी टाकली. भांडणं तिकडे जाऊ देत म्हणाले. मामाजींना ते कळलं तेव्हा ते जेवणावरून उठून आले. हात नीट पुसलेला नव्हता.

"हे असं नोको धाडू सूनबाई."

"का?"

"तिकडचे लोकं वाचतीन अन् म्हनतीन, गाव उठाचं म्हनजे असंच असते. हुकूम सुटला अन् दुसऱ्या दिवशी पोचले. आमी काई उडून नाई आलो ना इथं."

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला ते टाळता आलं नाही. मी वही काढली आणि म्हटलं, "मग तुम्हीच सांगा. मी लिहिते."

आठ दिवस रोज दुपारी आम्ही लिहीत होतो. ग्रह कादंबरीतलाच ठेवला, समुद्रही तोच. फक्त यान लहान झालं आणि त्यात एक म्हातारा नावाडी आला. पहिल्या खेपेत पिठाची चक्की गेली, कारण नव्या ग्रहावर पहिल्या दिवशी लोक खातील काय? मग लग्नाची मोठी भांडी. मग शाळेची घंटा आणि पृथ्वीचा गोल. तो गोल एका बाईने मांडीवर धरला होता. दिवस भरलेली एक पोरगी गेली, तिच्यासाठी यान हळू हाकलं. एक म्हातारा गावाकडे तोंड करूनच बसायचं म्हणाला, म्हणून त्याला उलटा बसवला. एका खेपेत नुसत्या बकऱ्या गेल्या.

इथे अध्यक्ष आडवे आले. "या मालिकेत बकऱ्या नाहीत!"

"मंग हिरो दूध कोनाचं पेते?" मामाजींनी विचारलं. बकऱ्या राहिल्या.

नावाड्याला नाव काय द्यायचं असं मी विचारलं तर ते हसले. "नावाड्याचं नाव कोन इचारते? घाटावर येतात अन् हाक मारतात, ए डोंगा!" म्हणून त्याला नाव दिलं नाही. मीही आज इथे मामाजींचं नाव घेत नाही ते त्यामुळेच.

शेवटची खेप त्यांनी सांगितली ती अशी : सगळे पोहोचल्यावर नावाडी एकटाच परत गेला, काही राहिलं का ते पाहायला. काही राहिलं नव्हतं. मग तो रिकामं यान घेऊन आला. "अन् लिव," मामाजी म्हणाले, "का भरल्या डोंग्यापरीस खाली डोंगा हाकाले जड असते. वारा त्याले फिरवते. जागेवर राहू देत नाई." अंतराळात वारा नसतो हे मला आठवलं, पण मी तसंच लिहिलं.

वहीची पानं दोनशे बाराव्या पानापुढे डिंकाने चिकटवली आणि पेटी सिहोऱ्याकडे गेली. मामाजी दर दोन दिवसांनी येऊन विचारायचे, "तिकडून काई आलं का?" मी म्हणायचे, वर्षाने परत येईल. "वर्षानं? एका खेपेले वर्ष?" ते म्हणायचे.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा मामाजी गेले. दुपारी टाकीच्या सावलीत बसले होते, तिथेच. लोकांना वाटलं झोपलेत. पेटी अजून तिकडेच होती. मी तेव्हा खूप रडले. रुखवताचा राग धरला होता ती दोन वर्षं परत मिळावीत असं वाटलं.

पेटी उन्हाळ्यात परत आली. मी उभ्याउभ्याच त्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिकडच्या वाचकांनीही लिहिलं होतं. पहिला : "बोगस. बकऱ्या कुठून आल्या?" दुसरा : "हाताने लिहिलेला भाग सोडून बाकी पुस्तक काढून टाकले तरी चालेल." तिसरा : "हा लिहिणारा कधीतरी स्वतः हाकत असणार. त्याला आमचा नमस्कार सांगावा." आणि त्याखाली, पेन्सिलने, बारीक अक्षरात : "मोजल्या. एकतीस खेपा." त्याच्या खाली दुसऱ्याच कुणाचं तिरकं अक्षर : "बत्तीस. रिकामी तुम्ही धरली नाही. रिकामी ही पण खेपच."

मी पुस्तक घेऊन तशीच मामीजींकडे गेले. मामीजी म्हणजे मामाजींच्या बायको. त्या मागच्या दारी पाट्यावर वड्यांसाठी लाखोळीची डाळ वाटत होत्या. मी त्यांना दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. सिहोऱ्याकडच्या परक्या माणसांनी मामाजींच्या खेपा मोजल्या, भांडून मोजल्या. बत्तीस झाल्या.

मामीजींचा वरवंटा थांबला. "तेत्तीस," त्या म्हणाल्या.

"तेहतीस कशा?"

"एक त्यायनं सांगतलीच नसन तुले." त्यांनी वरवंट्यानेच पाट्यावर टकटक केलं. "हा राहिला होता तिकडं. मी इथं येऊन रडत होती, का माह्या मायनं देलेला पाटा राहिला. तं दोन दिवसांनं कोनाले न सांगता गेले. घरात कमरेइतकं पानी. हात घालून काढला. मले म्हने, सांगजो नोको, लोकं हासतीन, पाट्यासाठी डोंगा काढला म्हनून."

लेखकाने खेपा गाळल्या म्हणून ज्या माणसाने प्रकाशकाला पत्र धाडलं, त्याने स्वतःची एक खेप गाळली होती. मी आणि मामीजी दोघी हसलो, आणि मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वाचनालयात येऊन मी त्या दोन ओळींच्या खाली पेनाने लिहिलं : "तेहतीस." कोणती ते लिहिलं नाही. सांगजो नोको म्हटलं होतं त्यांनी.

तेव्हापासून ते पुस्तक कपाटात टिकत नाही. जो नेतो तो बोटांवर मोजतो आणि माझ्याशी भांडायला येतो, की बत्तीसच होतात. अध्यक्ष तर दोनदा येऊन गेले. मी त्यांना म्हणते, मोजणाऱ्याने मोजाव्या.