दीड किलो तूरडाळ

माझी सून नर्स आहे. नर्सिंग तिचं लग्नाआधीच झालेलं, पण मागच्या वर्षी तिनं यवतमाळला आणखी एक कोर्स धरला, नुसता नवजात लेकरांच्या देखभालीचा. मी म्हटलं, बाई, लेकरं तर आपण अशीच वाढवली, त्याले वर्षभर काय शिकायचं? ती हसली. आठवडाभर तिकडं राहायची, शनिवारी नेरच्या बसनं घरी यायची.

एका शनिवारी म्हणाली, परीक्षा जवळ आली. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं लेकरू आईनं कसं सांभाळायचं, ते समजावून दाखवायचं आहे. सरावाला बाहुली पाहिजे. मी माझ्या जुन्या लुगड्याची शिवली. भरायला कापूस काढला तर नाही म्हणाली, वजन खरं पाहिजे. मग घरची तूरडाळ दुकानातल्या काट्यावर दीड किलो मोजून आणली आणि भरली.

आई म्हणून मलाच समोर बसवलं आणि लागली पुस्तकासारखं बोलायला. मी म्हटलं, "अशी बोलशीन तं झरीकडची खेड्यातली बाई उठून घरी जाईन." मग तिनं वही मिटली. लेकराला उघड्या छातीवर असं उभं धरा, वरून लुगडं बांधा, त्याले ऊब तुमच्याच अंगाची पाहिजे, असं सांगत तिनं बाहुली माझ्या छातीशी बांधली. ते वजन अंगावर बसलं आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

माझ्या मुलाच्या आधी मला एक मुलगी झाली होती, आठव्या महिन्यात. सासूबाईंनी तिला घरच्या पिंजलेल्या कापसात गुंडाळून सुपात ठेवलं, बाजूला शेगडी. कच्चं लेकरू हाताळलं की दगावतं, ही तेव्हाची समज. सासूबाई मायाळू होत्या हो. तीन दिवस त्या सुपापासून हलल्या नाहीत, कापसाच्या वातीनं दूध पाजत राहिल्या. मी हातभर लांब बाजेवर. एकदा हात पुढं केला तर म्हणाल्या, "नोको माय, राहू दे तिले." मी ऐकलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सूप उचलून नेलं. मी तिला एकदाही घेतलं नव्हतं. ती हाताला किती जड लागते, हेच मला माहीत नव्हतं.

"काहून आई, घट्ट झालं का?" सुनेनं विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर विचारलं, "अशी बांधली असती तं जगली असती का ती?"

माझी सून भाजी खारट झाली तरी तोंडावर सांगणारी. त्या दिवशी मात्र तिनं आधी मिटलेली वही उचलून पिशवीत ठेवली.

"बरीच जगतात, आई," ती म्हणाली. "तुमाले तवा कोणी सांगतलंच नव्हतं."

ती लुगडं सोडायला आली. मी म्हटलं, राहू दे थोडं. तिनं आत जाऊन कुकर लावला.

सून पास झाली. बाहुली आता तिच्या दवाखान्यातल्या बायकांना शिकवायच्या कामी येते. डाळीला कीड लागते, म्हणून मधूनमधून ती घरी आणते. वाळू भरू म्हणाली होती, मीच नाही म्हटलं. मी बाहुली उसवते, डाळीला ऊन दाखवते, दीड किलो मोजून परत शिवते. पण उसवायच्या आधी थोडा वेळ छातीशी बांधून बसते. सून तेवढा वेळ काही काम सांगत नाही.