आई उंबरठ्याबाहेर पडेना

काकीला वाघाने नेलं तेव्हा आई तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. दोघी जावा दरवर्षीसारख्या पहाटे मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. आईने काय पाहिलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. वनविभागाची माणसं आली, पंचनामा झाला, काकीची तेरवी झाली आणि गाव आपापल्या कामाला लागलं. आई मात्र घरात शिरली ती बाहेर येईना.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते. सुट्टीत घरी आले तर आई मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. दार जरा उघडं राहिलं की उठून लावायची. मोरीपर्यंत जायलाही तिला सोबत लागायची. वाटी पडली तरी थरथरायची. सुट्टी संपली तरी मी घरीच थांबले; धानाची रोवणी सुरू झाली. चिखलात उभी राहून गाणी म्हणणारी माझी आई त्या वर्षी बांधावरसुद्धा गेली नाही.

बाबांनी आधी देवाचं केलं. पुजाऱ्याने अंगारा दिला, कोंबडं मागितलं. काकीचा जीव हिच्यात अडकलाय, असं बाया बोलायच्या. काका शेजारच्याच घरात राहायचे. ते आमच्याकडे येत नव्हते, की आईच त्यांच्यासमोर जात नव्हती, कळत नसे.

एके दिवशी गावातली आशाबाई, आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती, आली. ती गरोदर बायांची, लहान लेकरांची चौकशी करत फिरायची. आता मनाच्या दुखण्याचंही तिला शिकवलं होतं. जिल्ह्याहून दर मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर यायला लागले आहेत, असं ती ग्रामसभेतही बोलली होती.

आईला तिकडे न्या म्हणताच बाबा एकदम भडकले. "पागलाच्या डॉक्टरकडं? पोरगी लग्नाची आहे घरात!"

आशाबाई जागची हलली नाही. "भाऊ, तिले झोप नाई, जेवण नाई. झोपेचा डॉक्टर आहे समजा. आनखी किती दिवस अशी ठेवता?"

बाबा उठून अंगणात गेले. मग मीच म्हटलं, "मी नेते."

सरपंचबाईंनी फोन केला आणि आरोग्य केंद्राची गाडी थेट दारात आली. आईने पदर तोंडावर ओढला. जंगलाचा रस्ता संपेपर्यंत तिची नखं माझ्या मनगटात रुतलेली होती.

दवाखान्यातली ती खोली आधी सामानाची असावी. एका कोपऱ्यात सलाईनची खोकी तशीच होती. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. मग एक तरुण समुपदेशक बाई आईसमोर खुर्ची ओढून बसली. वाघाचं तिने विचारलंच नाही. झोप किती लागते, भूक लागते का, घरात कोण कोण आहे, एवढंच. आई हो-नाही म्हणत राहिली. परत येताना मला वाटलं, एवढ्यासाठी आलो होतो का?

पुढे पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं आणि रस्ता बंद झाला. "झालं तुमचं सरकारी औषध," बाबा म्हणाले. पण गोळ्या आशाबाईकडे येऊन पडल्या होत्या. तिच्याच फोनवरून ती समुपदेशक आईशी बोलली. आई फोन घेऊन कोपऱ्यात गेली, आणि थोड्या वेळाने मला तिचं रडणं ऐकू आलं. काकी गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

रस्ता सुटल्यावर आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी आई माझ्यादेखत बोलली. "तिनं मले आवाज देल्ला. मी पळाली. जाऊ मरून राह्यली होती न् मी पळत होती."

समुपदेशक बाईने खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "बाई, हे घरात कुणाला सांगितलं आहे?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"कोणाला सांगावंसं वाटतं?"

आईने काकांचं नाव घेतलं.

चार-आठ दिवसांनी आईनेच म्हटलं म्हणून बाबांनी काकांना घरी बोलावलं. ते दारातच उभे राहिले. आईने खाली बघत सगळं सांगितलं. काका उंबऱ्यावरच बसले. रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "वयनी, तुले बी नेलं असतं तं मी दादाले काय तोंड दाखवलं असतं? तू तरी जित्ती आली न्."

त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले. आईने वाढलं.

आई एकदम बरी झाली नाही. कधी आठ दिवस चांगले जात, मग पुन्हा जेवण सुटे. गोळ्या बरेच महिने चालल्या, हळूहळू कमी झाल्या. पुढच्या वर्षी ती बायांच्या घोळक्यात रोवणीला गेली. मोहफुलांना मात्र ती पुन्हा गेली नाही, आणि आम्हीही कुणी तिला म्हटलं नाही.

परवा तिच्या माहेरी, आरमोरीला, भाचीचं लग्न होतं. बाबांसोबत ती बसने गेली. वाटेत जंगल लागतं. तेवढ्यापुरते तिने डोळे मिटून घेतले होते, असं बाबांनी मला फोनवर सांगितलं. बाबांच्या मागे तिच्या माहेरच्या बाया जोरजोरात हसताना ऐकू येत होत्या, आणि त्यांच्यात आईचाही आवाज होता.