सासरचं काढलं की डावीकडे

काका आज होडी घेऊन बाहेर गेले असतील, उद्याही जातील, हा विचार दुपारपासून डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना तोच, मुलांचे डबे घासताना तोच. नवरा म्हणाला, "तुला काळजी करायला घरातली माणसं पुरत नाहीत का?" पुरतात की. पण घरातल्या माणसांना समोरचं दिसतं.

हे काका माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. गेल्या वर्षी सुट्टीत आम्ही एका बेटावर गेलो होतो, तिथे ते होडी भाड्याने द्यायचे. धक्क्यावर उतरलो तर बाकीचे होडीवाले धावत आले. कुणी भाड्याचे तक्ते दाखवत होतं, कुणी फोनवरचे फोटो. हे दोघं नवरा-बायको मात्र आपल्या निळ्या होडीपाशी उभं राहून भांडत होते. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, म्हणून माझ्या मुलीला तीच होडी हवी झाली.

"होडी भाड्याने मिळेल का?" मी विचारलं.

"मिळेल," काकू म्हणाल्या. "सोबत हा माणूसही मिळेल, त्याचं वेगळं भाडं नाही. येताना परत आणला नाहीत तरी चालेल."

काका हसले. मान जरा वळवून, माझ्या खांद्यापलीकडे बघत हसले. माणूस थोडा घमेंडी दिसतो, असं मला तेव्हा वाटलं.

मी कुठेही गेले तरी आधी काय काय बिघडू शकेल ते बघते. मुलांची लाइफ जॅकेट घालून झाल्यावर मी प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. मग नवऱ्याचा. मग माझा. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "बाई, होडीचं बूचसुद्धा तपासणार का?"

"कुठे असतं ते?" मी विचारलं. त्यावर दोघंही इतके हसले की त्या दिवसापासून मी 'जॅकेटवाल्या बाई' झाले.

काका मागे इंजिनापाशी बसत आणि काकू पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून. तिथून त्यांचं तोंड सुरू व्हायचं ते किनारा येईपर्यंत.

"तुमच्या आईने मला कधी एक दिवस उशिरा उठू दिलं नाही."

"तू उठायचीस कुठे? ती हाका मारून थकायची."

"आणि तुमची ती बहीण! लग्नात दिलेली साडी परत मागून नेली."

"तिचीच होती ती."

"मग दिली कशाला? मिरवायला?"

होडी ऐटीत वळण घ्यायची. मग काकूंना माहेर आठवायचं. "माझे भाऊ असे, माझे वडील तसे." "तुझे भाऊ!" काका मागून ओरडायचे. "एकाने तरी आयुष्यात कप विसळलाय का?" आमची मुलं हसून लोळायची. आणि मध्येच, काही कारण नसताना, काकू एकदम मऊ आवाजात म्हणायच्या, "काही म्हणा, माणूस मनाने सोन्यासारखा आहे." त्याबरोबर काका इंजिन बंद करायचे.

"बिचाऱ्याला कौतुकाची सवय नाही," माझा नवरा म्हणाला. "इंजिनच बंद पडतं."

होडी आम्ही सगळ्या मुक्कामासाठी ठरवून टाकली. छताला शिवलेली झालर होती, बाकांवर जाड गाद्या होत्या. रंग तेवढा विचित्र दिसायचा. कडा एकदम नीट, आणि मध्येच हाताएवढ्या जागा कोऱ्या राहिलेल्या. घाईत उरकलं असेल, असं मी मनात म्हटलं.

एके सकाळी प्रवाळ बघायला निघालो. वारा होता, होडी आपटत होती. काकूंची बडबड चालू असताना मध्येच थांबली. पाहिलं तर त्या कठड्यावर ओणवून ओकत होत्या. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे गेले आणि समोर नजर गेली. आमच्या अगदी वाटेवर दोन डोकी तरंगत होती. तोंडात नळ्या घालून पाण्याखाली बघणारं कुठलं तरी जोडपं होतं. होडी सरळ त्यांच्याकडे चालली होती. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. ते शांत बसले होते, तोंड समोर, डोळे उघडे. कसलीच घाई नाही.

"काका, माणसं!" मी किंचाळले. "उजवीकडे! उजवीकडे घ्या!"

त्यांनी क्षणात होडी वळवली. पाण्यातला पुरुष मूठ उगारून काहीबाही बोलला. "उन्हाची तिरीप आली डोळ्यावर," काका म्हणाले. सूर्य आमच्या पाठीशी होता.

बेटाच्या मागच्या वाळूत उतरल्यावर मुलं बापाबरोबर शिंपले वेचायला गेली, काका होडी बांधत बसले. दोरीची गाठ ते बोटांनी चाचपून बांधत होते. मी काकूंजवळ जाऊन बसले.

"त्यांना दिसत नाही," मी म्हटलं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "कडेचं दिसतं. मधलं दिसत नाही. तुमच्याकडे सरळ बघितलं तर तुमच्या जागी धुकं. मान वळवली तर तुमचा कान दिसतो."

डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यावर शस्त्रक्रिया नाही, चष्मा नाही, आहे तेवढं सांभाळा. हे सांगायला त्यांनी दोन वाक्यं घेतली.

त्यांचं सगळं आयुष्य होडीत गेलं होतं. वडिलांची होडी, मग स्वतःची. बेटावर मोठी बोट लागत नव्हती त्या काळात लोकांचं सगळं काकांनीच वाहिलं. गॅसच्या टाक्या, शाळेची बाकं, आजारी माणसं, नव्या नवऱ्या. एका बाईचं बाळंतपण त्यांच्या होडीत झालं, आणि ती मुलगी मोठी होऊन पुढे त्यांच्याच होडीतून सासरी गेली. नंतर सुट्टीवाले येऊ लागले तेव्हा त्यांनी गाद्या घातल्या, छत बांधलं.

"आणि तुम्ही? तुम्ही पहिल्यापासून होडीवर?"

"मी?" काकू हसल्या. "बाई, मी कोरड्या गावची. लग्न होऊन इकडे आले ती डोळे मिटून आले. मला पोहता येत नाही. मी आयुष्यभर घरात बसून हॉटेलांचे पडदे शिवले, खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. ह्यांच्या होडीत मी पाय ठेवला तो ह्यांचे डोळे गेल्यावर."

शिलाई बंद करून त्या पुढच्या टोकाला बसायला लागल्या. सुरुवातीला रोज ओकायच्या. आधी सरळ 'डावीकडे', 'उजवीकडे' असं सांगायच्या. एकदा एका पाहुण्याने विचारलं, "का हो, यांना दिसत नाही की काय?" आणि तो बायकोमुलांना घेऊन उतरून गेला. त्या संध्याकाळी दोघांनी ओट्यावर बसून नवी पद्धत ठरवली. सासरचं काढलं की डावीकडे. माहेरचं काढलं की उजवीकडे. कौतुक केलं की थांबायचं.

"बायको नवऱ्याला बोलते, यात कुणाला नवल वाटतं?" काकू म्हणाल्या. "आणि कौतुक मी एरवी करत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही."

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. माझी दोन्ही मुलं त्या होडीत बसली होती. मी तसं म्हटलं. काकू खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे तुमचं. उद्यापासून गिऱ्हाईक बंद. आजच ठरवलं मी, ती दोन डोकी बघून. पण तुम्ही माझ्या मुलीला काही कळू देऊ नका. ती ह्यांना उचलून शहरात नेईल. पाचव्या मजल्यावर राहते. ह्यांना लिफ्टचं बटणसुद्धा दिसणार नाही. तिथे हा माणूस दिवसभर खुर्चीत बसून काय करेल?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर हे होडीला हात लावणार नाहीत. कबूल केलंय त्यांनी."

मी शब्द दिला.

काकूंनी त्यांचा शब्द पाळला. बेटावर आम्ही उतरलो होतो त्या खोलीच्या मालकीणबाई अधूनमधून फोन करतात, त्यांच्याकडून कळायचं. होडीवाल्यांनी धंदा बंद केला, वय झालं म्हणतात. आता नुसतेच सकाळी दोघं चक्कर मारून येतात. "काय ते भांडण हो! किनाऱ्यापर्यंत ऐकू येतं. आमच्या पाहुण्यांना त्यानेच जाग येते." मी फोन ठेवून हसत बसायची. पाण्याला घाबरणारी ती बाई, धंदा संपल्यावरही रोज सकाळी त्या टोकाला जाऊन बसत होती.

आज दुपारी मालकीणबाईंचा फोन आला तो यंदा खोली ठेवायची का, हे विचारायला. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या त्या काकू गेल्या हो. झोपेतच गेल्या. तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं." त्या बोलतच होत्या. मुलगी आली होती, बाबांना चला म्हणत होती, ते ऐकेनात. ती बिचारी रडत परत गेली. "आता एकटेच जातात रोज होडी घेऊन. परवा होडीचं तोंड फोडून आले. म्हणाले, धक्क्याला घासली. आमचे हे म्हणतात, दुःखात माणसाचं लक्ष ठिकाणावर नसतं."

त्यांना माहीत नाही. बेटावर कुणालाच माहीत नाही. तोंड कशामुळे फुटलं ते फक्त मला कळलं.

संध्याकाळी मी काकांना फोन केला. 'हॅलो' म्हणताच त्यांनी ओळखलं. "जॅकेटवाल्या बाई! मुलं कशी आहेत?"

"बरी आहेत. काका, मला आजच कळलं."

"हं," ते म्हणाले. "घरात फार शांत असतं हो. होडीत निदान इंजिन तरी वाजतं."

"तुम्ही एकटे जाता?"

"कुणाला नेऊ?"

"काका, तुम्ही त्यांना कबूल केलं होतं. होडीला हात लावणार नाही म्हणून."

"केलं होतं," ते म्हणाले. "तीही म्हणाली होती, तुमच्या आधी जाणार नाही. फिटंफाट."

तिकडे त्यांनी कप ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ना बाई?"

"नाही."

"बरं केलंत. सांगू नका. मी लांब जात नाही. सकाळी जरा जातो, येतो." आणि मग, अगदी सहज, "एखाद्या दिवशी नाही आलो तरी कुणाचं काही अडत नाही आता."

तेव्हापासून मी हेच घोळवत आहे. त्यांचं म्हणणं मला कळतं. उद्या माझं असं काही झालं आणि कुणी परक्या बाईने माझ्या मुलांना परस्पर फोन करून सांगितलं, तर मी तिचं तोंड बघणार नाही. त्या पाचव्या मजल्यावर काका काय करतील हेही मला दिसतं. मुलगी कामाला, जावई कामाला, नातवंडं शाळेत. काका खिडकीशी. होडी कुणाला तरी विकलेली. मी ज्याला जीव वाचवणं म्हणते आहे, ते त्यांना तसं वाटणारच नाही. आणि काकूंना दिलेला शब्द आहेच. त्यांनी त्यांचा पाळला.

नवरा झोपायला जाताना म्हणाला, "हे बघ, तो शहाणा माणूस आहे. त्याचं त्याला ठरवू दे." मी बराच वेळ तेच स्वतःला सांगून पाहिलं.

पण त्या मुलीचं काय? ती रोज फोन करत असेल. बाबा 'बरा आहे' म्हणत असतील. तिला वाटत असेल, बाबा हट्टी आहेत, आईच्या आठवणींत रमले आहेत, राहू दे थोडे दिवस. बाबांना समोरचं दिसत नाही हे तिला माहीतच नाही. तिने जो निर्णय घेतला, तो अर्धंच कळून घेतला. एखाद्या सकाळी नुसती होडी परत आली, तर तिला सगळं कळेल. मग तेही कळेल की एका बाईला हे ठाऊक होतं. माझ्या आईच्या बाबतीत कुणी असं गप्प बसलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं, मग त्याने कितीही शब्द दिलेले असोत.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. सुट्टीतले होडीवरचे फोटो काकूंनी मला तिलाच पाठवायला लावले होते. 'आईबाबा किती छान दिसतात', एवढंच तिने उत्तर दिलं होतं.

तिने बाबांना शहरात न्यावं, की स्वतः काही दिवस तिकडे जावं, की आणखी काही करावं, ते मी सांगणार नाही. तो तिचा आणि बाबांचा प्रश्न. काका माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत, हे मी धरून चालले आहे.

मी सकाळपर्यंत थांबणार होते. पण काका उजाडताच निघतात. तेव्हा तिला आत्ताच फोन करते. झोपेतून उठेल, आणि आई गेल्यापासून रात्रीचा फोन वाजला की तिला काय वाटत असेल, ते मला कळतं. म्हणून आधी एवढंच म्हणणार आहे, की घाबरू नका, बाबा घरी आहेत, झोपले आहेत. आणि मग बाकीचं.