एका बिगुलावर दोघी

रत्ना गेली तेव्हा मी हिंगोलीत, घरी, न्हाणीत सुजलेल्या पायांवर पाणी घेत होते. अकरा दिवस नांदेडच्या दवाखान्यात आळीपाळीनं बसणं चाललं होतं. एक दिवस तिची मुलगी प्रज्ञा, एक दिवस तिचे यजमान, एक दिवस मी. त्या दिवशी माझी पाळी संपवून दुपारच्या गाडीनं परतले होते. फोन वाजला, तो ओल्या हातानंच उचलला. "मावशी, आई गेली," एवढंच प्रज्ञा म्हणाली. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. आता परवा सकाळची गाडी धरायची नाही, एवढंच आलं… मग त्या विचाराची लाज वाटली, आणि लाज वाटून घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं. तिला जाऊन आता दीड महिना होत आला. शिणवटा अजून उतरत नाही. बसून करण्यासारखं दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहायला घेतलं आहे.

हिंगोलीत आणि साखऱ्याकडच्या खेड्यांत रत्नमालाला लोक ओळखत होते ते सिस्टर म्हणून. तीस-बत्तीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. पण मला ती दिसते ती पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत, गालाचे फुगे करून बिगुल वाजवणारी. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात आम्ही दोघी आठवीपासून एका वर्गात होतो. त्या वर्षी शाळेनं मुलींचं बँडपथक उभं करायचं ठरवलं. सहा साइड ड्रम, एक मोठा ड्रम, दोन झांजांच्या जोड्या आणि चार बिगुल परभणीहून आले. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता. पथक शिकवायचं काम पडलं चित्रकलेच्या सरांवर, कारण त्यांचे तास कमी होते. सरांना त्यातलं काहीच येत नव्हतं. ते दर रविवारी बसनं हिंगोलीला एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडं जायचे, स्वतः शिकून यायचे आणि सोमवारी आम्हाला शिकवायचे. म्हणजे आमचे गुरुजी आमच्या फक्त एक दिवस पुढं होते. एखादा सोमवार ते नुसतेच ड्रम पुसायला लावायचे, तेव्हा आम्ही समजायचो की काल बस चुकली.

ज्यांनी बिगुल हातात धरलेला नाही त्यांना सांगते, त्याला बासरीसारखी भोकं नसतात, पेटीसारख्या पट्ट्या नसतात. चार-पाच सूर, तेवढेच, आणि ते सगळे ओठांनी काढायचे. थंडीत पितळ ओठाला चटका बसावा असं लागायचं. पहिला आठवडा आमच्या सगळ्यांच्या बिगुलांतून नुसती हवा येत होती. रत्नानं तिसऱ्या दिवशी पहिला सूर काढला. तो इतका मोठा निघाला की ती स्वतःच दचकली आणि मैदानाकडेला चरणारी शेळी दोर तोडून पळाली. त्यानंतर तिला कुणी गाठू शकलं नाही. सर तिला पुढं उभं करायचे आणि तिचं ऐकून आम्ही शिकायचो. सरांनाही तिचं ऐकूनच नीट समजायचं, असं मला आता वाटतं.

बिगुल चार आणि शिकणाऱ्या आठजणी. त्यामुळं एक बिगुल दोघींत. दोन नंबरचा रत्नाला आणि मला मिळाला. मी हे घरी उत्साहानं सांगितलं. आमचं घर जमीनजुमल्याचं, मधल्या आळीतलं. रत्ना गावाच्या उगवतीच्या बौद्ध वस्तीतली. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिच्या तोंडचं तू तोंडाला लावतीस व्हय? सरला सांग, मला दुसरा द्या म्हणून. न्हाई तर राहू दे ते वाजवणं." मला वाजवणं सोडायचं नव्हतं आणि सरांना सांगायची हिंमत नव्हती. मग मी आपला मार्ग काढला. रत्नाची पाळी झाली की बिगुलाची पुढची वाटी, जिला सर माउथपीस म्हणायचे, ती काढायची, मैदानाच्या कोपऱ्यातल्या हापशावर न्यायची, माती लावून घासायची, धुवायची आणि मग वाजवायचं. पण एकटीनं हापसा मारून त्याच वेळी त्याखाली हात धरता येत नाही. पहिल्या दिवशी माझी धडपड बघून रत्ना आली आणि दांडा धरून हापसू लागली. काय धुते, काहून धुते, तिनं विचारलं नाही. दोन वर्षं तिनं माझ्यासाठी रोज हापसा मारला. सर बघायचे आणि दुसरीकडं बघायला लागायचे. मला त्या वयात यात काही वावगं वाटलं नाही. रत्नाला काय वाटत होतं हे विचारायचं तर सुचलंच नाही.

स्पर्धा जानेवारीत, हिंगोलीच्या मोठ्या मैदानावर. त्या दिवसांची सर मला पुढं कशालाच आली नाही. टेम्पोत ड्रम मांडीवर घेऊन बसायचं, खड्डा आला की सगळे ड्रम एकदम बोलायचे. बुटांना खडू ओला करून फासलेला, खांद्यावरून लाल पट्टा, ओठ फाटू नयेत म्हणून त्यांना तूप. मैदानात शिरायच्या आधीच दुसऱ्या शाळांचा आवाज कानावर यायचा. पुसेगावच्या मुलींचे ड्रम असे एकसारखे वाजायचे की वाटायचं, एकच बाई वाजवते आहे. वसमतकडच्या एका पथकाची पुढारीण हातातला दंड वर फेकून न बघता झेलायची. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहायचो आणि सर ओरडायचे, "तोंडं मिटा, ओठ वाळतील!" मंडपात परीक्षक बसायचे. चालीला गुण, गणवेशाला गुण, वादनाला गुण. पाच-सहाशे माणसं उन्हात उभी राहून हे ऐकायची. आपण पाय आपटला की एवढ्या लोकांच्या माना हलतात, हे खेड्यातल्या पोरीला तेव्हा पहिल्यांदाच कळायचं.

दहावीच्या वर्षी सांघिक स्पर्धेत आमचा दुसरा नंबर आला. त्यानंतर एकेरी बिगुल होता. प्रत्येक शाळेच्या दोन मुली, एकीमागून एक. आधी रत्ना, मग मी. तोपर्यंत शाळेत आणखी बिगुल आले होते, दोघींना वेगवेगळे मिळाले होते. रत्ना वाजवायला उभी राहिली आणि मी माझा बिगुल पिशवीतून काढला, तर माउथपीस नाही. सांघिक झाल्यावर गर्दीत कुठंतरी निसटला असणार. मी मैदानाच्या कडेला पिशवी उलटी करून झटकत बसले. तिकडं रत्ना इतकं सुंदर वाजवत होती की झांजवाल्या मुली गप्प झाल्या होत्या. पण अगदी शेवटच्या लांब सुराला तिचा आवाज फाटला. ती परत आली तेव्हा माझं नाव पुकारलं गेलं होतं. मी रडत होते. तिनं आपल्या बिगुलाचा माउथपीस पिळून काढला. आजूबाजूला पाहिलं. मग खांद्यावरचा कोरा लाल पट्टा ओढला आणि त्याच्या टोकानं ती वाटी आतून, बाहेरून, पुन्हा आतून पुसू लागली. माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. तिनं हात पुढं केला.

"इथं पाणी न्हाई सुनंदा," ती म्हणाली. "वाजवतीस का?"

मी घेतला आणि धावले. तो ओठाला लावला तेव्हा गरम होता. तिच्या श्वासाचा. मी कसं वाजवलं मला आठवत नाही, पण पहिला नंबर माझा आला आणि रत्नाचा दुसरा. ती सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती. घरी जाऊन मी आईला बक्षीस दाखवलं. ते कशानं मिळालं, हे सांगितलं नाही.

पुढं ती नर्सिंगला गेली, मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. दोघींची लग्नं झाली, बदल्या झाल्या आणि कितीतरी वर्षांनी दोघी हिंगोलीत एकाच भागात राहायला आलो. मैत्री खरी झाली ती तेव्हा. दरवर्षी जानेवारीत आम्ही ती स्पर्धा बघायला जायचो. शेंगांचा पुडा घेऊन मैदानाच्या पायऱ्यांवर बसायचं आणि परीक्षकांपेक्षा कडक गुण द्यायचे. रत्ना रात्रपाळी करून तशीच आलेली असायची. ड्रम वाजत असताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून चक्क झोपायची, आणि बिगुल सुरू झाला की त्याच क्षणी डोळे उघडून म्हणायची, "दोन नंबरची पोरगी दम चोरून राहिली." पाहिलं तर खरंच तसं असायचं. तिथंच एकदा हसत हसत म्हणाली होती, "तू पिशवी झटकताना दिसली न् माझा सूर गेला. न्हाई तर तुझा कुठला पहिला नंबर!" मीही हसले. तेव्हा बोलायला हवं होतं… बोलले नाही. हळूहळू पथकं कमी होत गेली. आठाची पाच झाली, पाचाची तीन. एका वर्षी आम्ही शेंगा घेऊन गेलो तर मैदानावर कुणीच नव्हतं. अर्धा तास तिथं बसलो, शेंगा संपवल्या आणि घरी आलो.

माझी आई माझ्याकडं राहायला आली, तिला साखरेचं दुखणं लागलं. इंजेक्शन द्यायला रत्ना येऊ लागली. पहिल्या दिवशी ती गेल्यावर आईनं हळूच विचारलं, "सैपाकघरात आली व्हती का?" मी म्हटलं, "तिनंच चहा केला. तू पिलीस तो." चार-सहा महिन्यांत असं झालं की दुसरं कुणी सुई घेऊन आलं तर आई हात काखेत दाबून बसायची. रत्नाला उशीर झाला तर माझ्यावर चिडायची. रत्ना तिला 'काकू' म्हणायची आणि सुई टोचताना गावातल्या बाभळींपासून शेजारणींपर्यंत सगळ्यांची चौकशी करायची. आईनं मन बदललं की नुसती सवय झाली, हे मी कधी विचारलं नाही. आता आईला काही आठवतच नाही, त्यामुळं विचारून उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी रत्नाला जिना चढताना धाप लागू लागली. फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. इलाज फारसा नव्हता. ती स्वतः सिस्टर, तिला कुणी खोटं सांगू शकत नव्हतं. नांदेडला नेलं तेव्हा तिला सलग चार शब्द बोलणं जड जात होतं. एवढा दमदार श्वास होता तिचा… माझ्या शेवटच्या पाळीच्या दिवशी, सकाळी नर्स अंग पुसून गेली, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, "रत्ना, मला एक बोलायचंय. शाळेतलं. त्या हापशाचं."

तिनं मास्क हनुवटीवर ओढला. "नको बोलू."

"काहून?"

"तू माफी मागशील," ती थांबत थांबत म्हणाली. "मग मला माफ करावं लागंल. तेवढा दम न्हाई राहिला माझ्यात."

मी तिची चादर सारखी केली. तीच पुढं म्हणाली, "राग न्हाई गं. पण इसरले बी न्हाई. तुला वझं झालं असंल तर राहू दे तुझ्यापाशी. मी बी वागवलंच की." मग तिनं मास्क लावला, डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण बोटं चादरीवर हलत होती. पुन्हा मास्क सरकवून तिनं विचारलं, "पुसेगावच्या पोरी… कसं वाजवायच्या गं?" मी पलंगाच्या लोखंडी कडेवर दोन बोटांनी ते वाजवून दाखवलं. चुकलं. तिनं मान हलवली. पुन्हा वाजवलं. या वेळी बराबर आलं असावं, कारण तिनं काही सांगितलं नाही. दुपारी दाजी आले, तिचे यजमान. मी त्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी दिली आणि गाडी धरली. घरी येऊन पायावर पाणी घेतलं, आणि फोन आला.

अंत्ययात्रेला पांढरे कपडे घालून आलेल्या माणसांनी गल्ली भरून गेली होती. तिनं बाळंतपण केलेल्या बायका साखऱ्याहून टेम्पो करून आल्या होत्या. बुद्धवंदना झाली. प्रज्ञा माझा हात धरून उभी होती आणि दोघींनाही रडायचं सुचत नव्हतं, इतक्या आम्ही दमलो होतो.

आईला मी तीनदा सांगितलं, रत्ना गेली. तिन्ही वेळा तिनं नव्यानं ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला. चौथ्यांदा सांगायचं माझ्यानं झालं नाही. इंजेक्शन आता मीच देते, डोळे मिटून बसते ती, कुणी दिलं ते बघत नाही. पण दर गुरुवारी रत्ना ब्लडप्रेशर बघायला यायची, सकाळी साडेनऊला. बाकी सगळे वार आईच्या डोक्यातून गेले, हा एक कसा राहिला कोण जाणे. गुरुवार आला की आई नऊ वाजताच बाजेवर टेकून बसते, पोलक्याची बाही पार खांद्यापर्यंत सरकवते आणि हात मांडीवर उताणा ठेवून दाराकडं बघत राहते. मागच्या गुरुवारी मी मशीन घेऊन जवळ गेले तर म्हणाली, "तू राहू दे. ती येऊन राहिली ना."

मी मशीन खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसले. अकरा वाजले तेव्हा आईचा उघडा हात गारठला होता, नजर अजून दाराकडंच होती. मी तिची बाही खाली ओढली.